फॅशन डिझाइनच्या डिग्रीवर १२ लाख घालावेत का?

प्रश्न विचारणाऱ्या वडिलांनी लिहिलंय की मुलगी बारावीला आहे, खासगी कॉलेज चार वर्षांचे १२ लाख सांगतंय, तर एवढे पैसे वसूल होतात का? 'वसूल' शब्द वाचला आणि लिहायला बसले. आमच्या घरी तो दर गणपतीला निघतो.

मी इचलकरंजीची. वडील सायझिंगमध्ये (विणण्याआधी सुताला खळ लावायचा कारखाना) कामाला, आई घरीच शिवणकाम करायची. २००८ साली मुंबईत एका खासगी कॉलेजात फॅशन डिझाइनला गेले, ४ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढून. फीच्या पत्रकात न छापलेला खर्च निराळाच. सरावाला तागेच्या तागे मांजरपाट, रंगीत प्रिंटा, चार मुलींत एक खोली, आणि शेवटच्या वर्षाचं कलेक्शन.

कलेक्शन म्हणजे सहा पोशाख. माझी थीम होती 'स्थलांतर' (हसू नका, बावीस वर्षांची होते). मंगलदास मार्केटातून सिल्क ऑर्गंझा आणलं, भरतकाम कारीगराकडून करून घेतलं, मॉडेल आणि मेकअपची वर्गणी भरली. १,३५,००० गेले, त्यातले ५० हजार दादाचे. रॅम्पवर माझे सहाही पोशाख मिळून साडेतीन मिनिटं होते. आज ते घरी दिवाणात डांबरगोळ्यांच्या वासात पडून आहेत. त्यातला एक गाउन तर असा शिवलाय की घालून खाली बसताच येत नाही.

पहिली मुलाखत अंधेरीच्या एका एक्सपोर्ट हाउसमध्ये झाली. सॅम्पलिंगच्या साहेबांनी पोर्टफोलिओची पानं भराभर उलटली, मिटून बाजूला ठेवला. हँगरवरचा एक पुरुषी शर्ट माझ्यासमोर टाकला. "अठ्ठावन्न पन्ना. ॲव्हरेज सांग."

पन्ना म्हणजे कापडाची रुंदी, इंचांत. ॲव्हरेज म्हणजे एका नगाला लागणारं कापड. मी बाही, पाठ, कॉलर हाताच्या वितीने मोजली आणि म्हटलं, "दीड मीटरच्या आसपास, सर. मार्कर नीट लावला तर थोडं कमी." (मार्कर म्हणजे कापडावर साच्यांची मांडणी.)

"आणि चेक्स असतील तर?"

"मग वाढेल. खिसा, पुढची पट्टी, बाजूची शिवण जुळवायला लागते. चौकडा केवढा आहे त्यावर."

साहेबांनी पहिल्यांदा वर बघितलं. नोकरी मिळाली. पगार १४ हजार, कर्जाचा हप्ता ९ हजारांच्या आसपास.

हे कॉलेजात एका लेक्चरमध्ये उरकलं होतं. मला येत होतं ते आईमुळे. मे-जूनमध्ये ती शाळेच्या गणवेशांच्या ऑर्डरी घ्यायची. कापड शाळेकडून मोजून यायचं, त्यामुळे एक शर्ट कमी पडला तर भुर्दंड आपला. अमुक पन्ना, अमुक मापाचे इतके शर्ट, कापड इतकं, हा हिशेब वहीत मी लिहायचे.

दादाला ही गोष्ट सांगायची चूक केली. तेव्हापासून त्याचं पालुपद, "म्हणजे आईनंच शिकवलं की! मग सहा-सात लाख कशाला घातलेस?" अरे, पण आईला त्या खुर्चीत कुणी बसवलं असतं? गेटवर वॉचमनने विचारलं असतं, मावशी कुणाकडे? डिग्रीने मला खुर्ची दिली, उत्तर आईने दिलं. दोन्ही लागलं. आणि दादा स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, आज विमा कंपनीत आहे. त्याच्या चार वर्षांचा हिशेब घरात एकदाही मांडला गेला नाही. मुलाची फी म्हणजे गुंतवणूक आणि मुलीची म्हणजे हौस!

तर काका, तुमच्याबद्दल. निफ्ट (केंद्र सरकारची फॅशन संस्था) लागलं तर डोळे झाकून पाठवा. मुंबईचं केंद्र खारघरला आहे. संसदेच्या २००६ च्या कायद्याने ती संस्था स्वतःची पदवी देते. खासगी कॉलेजात मात्र पहिला प्रश्न हा विचारा की पदवी देणारं विद्यापीठ कोणतं. लॉबीतले पुतळे बघून भुलू नका. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे घराचे कागद मागतात. आणि शिकत असतानाही व्याज चढतच असतं. १२ लाख कर्ज काढून अजिबात घालू नका. शासकीय तंत्रनिकेतनात ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंगचा डिप्लोमा आहे, आयटीआयला शिवणकामाचा एक वर्षाचा कोर्स आहे. नाव भारदस्त नाही, पण मुलीला मुंढा (बाही जोडायचा गोलाकार काप) कापता येईल. आधी या सुट्टीत एखाद्या टेलरकडे दोन महिने बसवा. कंटाळली नाही तर पुढचं बोला.

हे सगळं मर्चंडायझिंगमधल्या (म्हणजे कपड्यांच्या ऑर्डरी आणि खर्च सांभाळणाऱ्या) बाईचं मत आहे, हेही धरून चाला. स्वतःचं लेबल काढायचं असेल तर गणित वेगळं, तिथे डिग्रीआधी भांडवल लागतं. आणि माझे आकडे २०१२ चे आहेत, तेव्हा पगार आणि फी आजच्या धरा.

दादा, तू हे वाचणारच. तुझे ५० हजार मी २०१६ च्या दिवाळीत परत केलेत. आईच्या पासबुकात नोंद आहे, बघून घे.