‘मी फक्त बिअरच घेतो’

प्रश्न : वय ४४. दहा-बारा वर्षं रोज संध्याकाळी बिअरचे अर्ध्या लिटरचे दोन कॅन घेतो. हार्ड ड्रिंकला कधी हात लावलेला नाही. सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं, पण रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. काळजीचं कारण आहे का?

उत्तर : आहे. आधी हिशेब करू. ५ टक्के अल्कोहोलच्या अर्धा लिटर बिअरमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्येही जवळपास तेवढंच. म्हणजे तुम्ही रोज दोन लार्ज पेग घेताय. कॅन ८ टक्क्यांचा स्ट्राँग असेल, तर तीनाच्याही वर. ‘मी फक्त बिअरच घेतो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचा प्रश्न तोंडातून आपोआप निघतो : किती आणि किती टक्क्यांची?

नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताच्या पेशींमधली द्रव्यं. पेशींना इजा झाली की ती रक्तात सांडतात. सिरोसिस, म्हणजे यकृतात व्रण बसून ते कडक होणं, झालेल्या माणसातही हे आकडे नॉर्मल येऊ शकतात. त्यामुळे प्लेटलेट कमी झालेत का ते बघा आणि फायब्रोस्कॅन करून घ्या. यकृत किती कडक झालंय याचा अंदाज त्यातून येतो. अजून नुसती चरबीच असेल, तर दारू पूर्ण थांबवल्यावर ती काही आठवड्यांत उतरायला लागते. सिरोसिसचे व्रण बसल्यावर मात्र यकृत पूर्वीसारखं होईल असं धरून चालता येत नाही. तेव्हाही दारू सोडल्याने आयुष्य वाढतं, पण तुम्ही त्या वळणाच्या अलीकडे आहात तोवर थांबा.

प्रश्न : यजमानांना कावीळ झाली म्हणून त्यांनी रोजची दारू एका दिवसात बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम फुटला. आज भिंतीवर किडे दिसतात म्हणतात. सासूबाई म्हणतात, झोपेची गोळी द्या, शांत होतील.

उत्तर : गोळी देऊ नका. त्यांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्या. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की थरथर, घाम, धडधड पहिल्याच दिवसात सुरू होते. फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते. भास आणि भ्रम तिसऱ्या दिवसाच्या आसपास बळावतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. यावर औषधं आहेत, पण ती देखरेखीखालीच द्यायची. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वही लागतं. ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

अंदाजाने दिलेल्या गोळीला माझा विरोध आहे तो काविळीमुळे. यकृत निकामी होत असेल तर विषारी द्रव्यं मेंदूपर्यंत पोचतात आणि माणूस बरळू लागतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. अशा वेळी झोपेच्या गोळीने तो थेट बेशुद्धीत जाऊ शकतो. दारू तुटल्याचा भ्रम कोणता आणि यकृताचा कोणता, हे घरी ओळखता येत नाही. काही वेळा दोन्ही एकत्र असतात. वाटेत रक्ताची उलटी झाली किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर पोचताक्षणी डॉक्टरांना तेच आधी सांगा.

दारू सोडायचा त्यांचा निर्णय बरोबरच होता. फक्त तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली अमलात आणायला हवा होता.

प्रश्न : भावाला न सांगता जेवणात दारू सोडवायची पावडर मिसळावी का?

उत्तर : नाही. अशा पावडरीत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना माणूस प्यायला की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. त्याला काही ठाऊक नसतं, म्हणून तो पिणारच. शिवाय हे औषध स्वतःच यकृताला घातक ठरू शकतं. त्याच्याशी समोर बसून बोला.

प्रश्न : आईला सिरोसिस आहे, पोटात पाणी झालंय. नातेवाइकांनी डाळ, अंडी, दूध बंद करून फक्त पेज सुरू केली आहे. योग्य आहे का?

उत्तर : हे जुनं पथ्य आता सोडून दिलंय. सिरोसिसमध्ये स्नायू झपाट्याने झिजतात, आणि प्रथिनं तोडली तर आणखी झिजतात. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पोटात पाणी असल्यामुळे वजन फुगलेलं दिसतं, म्हणून कोरडं वजन धरून आहारतज्ज्ञांकडून हिशेब करून घ्या. तोडायचं ते मीठ. लोणचं, पापड आणि पाकिटबंद पदार्थांतलंही मोजा. रात्री झोपण्याआधी काहीतरी खायला द्या, कारण आजारी यकृताला लांबलेला उपवास झेपत नाही. आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या देऊ नका, किडनीवर ताण येतो.