नव्या राउटरला फोन आणि लॅपटॉप जोडले जातात, पण जुना प्रिंटर का जोडला जात नाही?

आपल्या राउटरची वाय-फाय सुरक्षा-पद्धत बहुधा केवळ ‘डब्ल्यूपीए३’वर ठेवलेली असावी, सेटिंगमध्ये ती ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ अशी मिश्र करावी आणि २.४ गिगाहर्ट्झचा लहरी-पट्टा (बँड) चालू असल्याची खात्री करून घ्यावी. डब्ल्यूपीए३ हे २०१८ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक उपकरणांना ते समजत नाही. शिवाय त्यात जोडणीचे नियंत्रण-संदेश संरक्षित असणे सक्तीचे आहे, आणि काही जुनी उपकरणे मिश्र पद्धतीतही नेमकी तिथेच अडखळतात, तेव्हा निव्वळ डब्ल्यूपीए२ (‘एईएस’ या कूटलेखन-पद्धतीसह) निवडावे लागते. पुष्कळ प्रिंटर, कॅमेरे आणि स्मार्ट प्लग यांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दिसतच नाही, म्हणून दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्यावीत. माझ्या मते दोष शोधण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील चॅनेल (उपविभाग) १२ किंवा १३ असल्यास १, ६ किंवा ११ करून पाहावे. मात्र प्रिंटर केवळ ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी सुरक्षा-पद्धत जाणणारा असेल, तर त्याच्यासाठी साऱ्या घराची सुरक्षा कृपया खाली आणू नये; ती पद्धत काही मिनिटांत फोडता येते, त्यामुळे असा प्रिंटर केबलने जोडावा.