वाचकांचे प्रश्न : चारचौघांत राहून वेगळं

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा सूर एकच आहे : ‘सगळे एक म्हणतात, मला दुसरंच वाटतं, आता काय करू?’ पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

अमेरिकन लेखक एमर्सनचा ‘सेल्फ-रिलायन्स’ हा निबंध अभ्यासाला आहे. मी शीर्षकाचं भाषांतर ‘स्वावलंबन’ केलं, सरांनी ते खोडलं. शिवाय वर्गात एकजण म्हणाला, एमर्सनचा मित्र थोरो रानात राहिला खरा, पण गावात घरी जाऊन जेवायचा. मग कसलं स्वावलंबन? (विद्यार्थिनी, खानापूर)

सरांनी खोडलं ते बरोबर. मराठीत स्वावलंबन म्हटलं की आपलं ताट आपण घासणं, शिकता शिकता कमावणं हे डोळ्यांपुढे येतं. १८४१ सालचा हा निबंध ताटाबद्दल नाही, मताबद्दल आहे. ‘आत्मनिर्भर’ आता सरकारी जाहिरातींचा झालाय. ‘स्वतःवर भिस्त’ त्यातल्या त्यात जवळचं.

उत्तरपत्रिकेत जोड द्यायची तर तुकोबांची द्या : ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥’ यातला ‘ग्वाही’ नीट वाचा. ग्वाही म्हणजे साक्ष. मनाला साक्षीला उभं केलंय, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलेलं नाही, आणि साक्षीदाराची उलटतपासणी होतेच. ‘मला वाटतं म्हणून खरं’ असा अर्थ त्यातून काढला तर गुण जातील.

एमर्सननं किंमतही मोजली. प्रभुभोजनाचा विधी पटेना म्हणून त्यानं १८३२ मध्ये बोस्टनच्या चर्चमधली धर्मोपदेशकाची जागा सोडली. १८३८ मध्ये हार्वर्डच्या धर्मशिक्षण विद्यालयात तो जे बोलला त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं त्याला तिथं कुणी बोलावलं नाही.

थोरोबद्दल तुमचा वर्गमित्र म्हणतो ते खरंच आहे, पण त्यानं काही बिघडत नाही. वॉल्डन तळ्याकाठी तो राहिला ती जागा एमर्सनची, आणि झाडं तोडायला लागलेली कुऱ्हाडही उसनी. परत करताना ती आणली त्याहून धारदार करून दिली, असं थोरो स्वतःच लिहितो. १० बाय १५ फुटांच्या झोपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट लागले. अडीच एकरांत बहुतेक घेवडा लावला. शेतीचा खर्च १४.७२½ डॉलर, उत्पन्न २३.४४, हाती राहिले ८.७१½. माणसं टाळणं हा त्याचा मुद्दाच नव्हता. जगायला नेमकं किती लागतं हे लोकांना न विचारता मोजून बघायचं होतं. परीक्षेत हे आकडे लिहा; ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ वगैरे सगळेच लिहितात.

आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या बैठकीत डॉल्बीसाठी वर्गणी वाढवायचा विषय निघाला. मनातून मला नको होतं, पण सगळ्यांबरोबर माझाही हात वर गेला. हा भित्रेपणाच ना? (निपाणी)

भित्रेपणा म्हणून सोडून दिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच होईल. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. जोडीची कोणती ते मोठ्यानं सांगायचं. खोलीत खरा उमेदवार एकच, बाकीचे आधी ठरवून ठरावीक फेऱ्यांत चुकीचं उत्तर देणारे. एकट्यानं पाहताना लोक जवळजवळ चुकत नव्हते, पण घोळक्यात त्या फेऱ्यांमधली सुमारे एक-तृतीयांश उत्तरं घोळक्यासारखी चुकीची आली. आणि ह्या नुसत्या रेघा! वर्गणी, शेजार, नातीगोती यांतलं काहीच पणाला लागलेलं नव्हतं.

तुमच्या कामाचं त्यापुढे आहे. विरोधात एकच माणूस असला तर परिणाम फार थोडा, तिघे झाले की तो भरात येतो, पुढे माणसं वाढवून फारसा फरक पडत नाही. म्हणजे बैठकीला चाळीस जण असले तरी तुम्हाला ओढतात ते पहिले तीन-चार आवाज. उलट खरं उत्तर देणारा एक जरी सोबतीला मिळाला, तर चुका चौथाईवर येतात. उत्तर बोलण्याऐवजी लिहून द्यायचं असलं तरीही त्या बऱ्याच कमी होतात.

तेव्हा बैठकीच्या आदल्या दिवशी एक माणूस गाठा. एकच पुरे, पण तो वेळेवर येणारा आणि तोंड उघडणारा हवा. चर्चा रंगायच्या आत, पहिल्या दोघांत त्यानं किंवा तुम्ही बोला. शेवटी मांडलेलं मत रुसव्यासारखं वाटतं. नुसतं ‘नको’ म्हणू नका, खर्चाचे दोन कागद ठेवा, एक डॉल्बीचा आणि एक ढोल-ताशा किंवा भजनी मंडळाचा, म्हणजे हात वर करायला लोकांना दुसरी जागा मिळते. चिठ्ठ्यांनी मत घ्या असं सुचवा. इथं एक हमखास फसतं : चिठ्ठीवर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायला लावलं तर अक्षर ओळखू येतं. फुली किंवा बरोबरची खूण, सगळ्यांना एकच पेन, आणि मोजणी दोघांनी करायची.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मात्र हा विषय काढू नका. तिथं अंगठे एकाखाली एक नावानिशी दिसतात, म्हणजे अ‍ॅशची खोलीच ती.

खऱ्या लेखकानं संमेलनं, सत्कार यांपासून लांबच राहावं का? जी. ए. कुलकर्णी राहिले तसं? (शहापूर)

लांब राहिल्यानं कुणी जी. ए. होत नाही. धारवाडला इंग्रजी शिकवत ते शांतपणे कथा लिहीत राहिले. ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार, पुस्तकाच्या प्रकाशनवर्षाचा वाद निघाला तेव्हा त्यांनी परत केला. आपल्या बेळगावातल्याच इंदिरा संत घ्या. मर्ढेकरांनंतर नवकवितेची लाट होती. बाईंनी त्याच काळात ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७) असे संग्रह आपल्याच लयीत दिले, आणि अध्यापिकांच्या कॉलेजची प्राचार्यकीही केली. संमेलनाला जायचं तर जा. परत आल्यावर वही उघडता की नाही, एवढंच बघा.

मी बेळगावच्या बोलीत कथा लिहिते. एका संपादकांनी माझ्या नायिकेचं ‘मी येतो’ बदलून ‘मी येते’ केलं आणि ‘शुद्ध लिहा’ म्हणून कळवलं. वाचकमंडळातल्या मैत्रिणी उलट म्हणतात, अजून बोली घाल, विनोदी होईल. (वडगाव)

दोघांचंही ऐकू नका. मैत्रिणींचं तर मुळीच नको.

संपादकांचं आधी. आपल्याकडं बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात हे कोल्हापूरपासून सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या कथेतली आई म्हणत असेल, ‘बस की घटकाभर, उप्पीट केलोय, खाऊन जा,’ तर त्यातलं ‘केलोय’ ही चूक नाही. प्रमाण मराठीत ‘मी उप्पीट केलंय’, क्रियापद उप्पिटामागून जातं. कन्नडात ते करणाऱ्यामागून जातं, आणि ‘मी येतो’, ‘मी येते’ यांना तिथं एकच रूप आहे. दोन भाषा एका चुलीवर रांधणाऱ्या घरात असंच बोलणं होणार. ‘येते’, ‘केलंय’ करून टाकलं की ती बाई वडगावची उरत नाही, पत्ता नसलेली होते.

मैत्रिणींच्या सल्ल्यातला धोका जास्त गोड आहे. बाहेरच्या वाचकाला बेळगावी मराठी ठाऊक असते ती बहुधा पु. ल. देशपांड्यांच्या ‘गणगोत’मधल्या रावसाहेबांमुळे, म्हणून पहिला ‘की’ वाचताच तो हसायला तयार होतो. तुम्ही तसं पुरवत गेलात तर पुण्याच्या साच्यातून सुटून दुसऱ्या साच्यात पडाल. नायिका रडताना, हिशेब करताना, पोराला रागावतानाही ‘येतो’च म्हणते ना? तिथं वाचक हसला नाही तर समजा जमलं.

कामाची रीत अशी. निवेदन तुम्ही नेहमी लिहिता त्या मराठीत ठेवा, बोली संवादात. एकच पात्र एका पानावर ‘येतो’ आणि दुसऱ्यावर ‘येते’ म्हणत असेल तर संपादकाला ती चूकच वाटणार. पात्र बँकेत किंवा शाळेच्या मुख्याध्यापिकेसमोर बोली बदलत असेल तर ते मुद्दाम दिसू द्या. कन्नड शब्दाचा अर्थ कंसात देऊ नका. ‘अव्वा’ कोण ते तिच्या वागण्यातून कळू द्या. एका वाक्यात अनोळखी शब्द एकच, दुसरा आला की वाचक अडखळतो. लिहून झालं की संवाद मोठ्यानं वाचा, आणि जमलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवा. ‘असं कोण म्हणतंय?’ आलं की तो शब्द तुम्ही नटवलाय.

हस्तलिखितासोबत एक पान जोडा : डावीकडे तुमचं रूप (येतो, केलोय, बस की), उजवीकडे ‘हेच ठेवावे’. मुद्रितशोधकाशी भांडण निम्मं तिथंच मिटतं. पात्रांच्या तोंडी ‘असं केलं’ अशी अनुस्वाराची रूपं लिहायला साहित्य महामंडळाच्या लेखननियमांचीही हरकत नाही, तेही त्याच पानावर लिहा. तरीही संपादक ‘येते’च हवं म्हणाले, तर कथा परत मागवून दुसरीकडं पाठवा. ‘उप्पीट’चं ‘उपमा’ करायला सांगितलं तरी तेच करा.