'पॅरानॉइड' ऐकणाऱ्या मुलाच्या आईला

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. गेले दोन महिने 'ब्लॅक सॅबथ' नावाच्या बँडचा 'पॅरानॉइड' हा एकच अल्बम लावून बसतो. आमचे यंत्रमाग आहेत, दिवसभर तो खडखडाट असतोच, त्यात हा आणखी. जाऊबाई म्हणतात, ही सैतानाची गाणी. मुलगा म्हणतो, तेव्हा समीक्षकांनी नावं ठेवली पण लोकांनी डोक्यावर घेतलं. कोणाचं खरं मानू? आणि काळजी करू का?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, मुलाचं खरं आहे. जाऊबाईंचा गैरसमज मात्र फार जुना आणि जगभर पसरलेला, त्यामुळे त्यांना दोष देऊ नका.

आधी ही चार पोरं कुठली ते सांगतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात ॲस्टन नावाचा कामगारवस्तीचा भाग आहे, तिथली. गाणारा ऑझी ऑसबोर्न, गिटारवर टोनी आयोमी, बेसवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड. चौघंही १९४८-४९ सालात जन्मलेली. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर जर्मन बॉम्ब पडले होते, आणि पडक्या घरांच्या मोकळ्या जागांत ही पिढी खेळत वाढली. ऑझीचे वडील टूलमेकर, म्हणजे कारखान्यात अवजारं बनवणारे. ऑझी स्वतः खाटीकखान्यात राबला, मोटारीचे हॉर्न जुळवायच्या कामावरही होता.

आयोमीची गोष्ट मला नेहमी जरा थांबवते. सतरा वर्षांचा होता, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जावंसं वाटत नव्हतं, आईनं पाठवलं. त्या दिवशी त्याला सवय नसलेल्या मशीनवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच.

मी चिंचवडला एका कारखान्यात प्रेस शॉपला अकरा वर्षं काढली. पत्रा सरकवायचा, हात मागे, पाय पॅडलवर, ठोका. पुन्हा पत्रा. आठ तास. रात्रपाळीत शेजारच्या मशीनवरच्या माझ्या मित्राचं बोट पेरापासून गेलं. मशीनला गार्ड नव्हता, आणि तो नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. हा मित्र गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. त्यानंतर कधी वाजवला नाही. आयोमीला त्याच्या कारखान्यातल्या फोरमननं एक तबकडी आणून ऐकवली, जँगो राइनहार्टची. या गिटारवाल्याची दोन बोटं भाजून निकामी झाली होती, तरी तो वाजवत होता. माझ्या मित्राला कोणी काही आणून ऐकवलं नाही. मीही नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आयोमीनं भांड्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, वर चामड्याचा तुकडा चिकटवला. टोपणातून तार बोटाला कळत नाही. म्हणून त्यानं पातळ तारा लावल्या, बँजोच्यासुद्धा वापरून पाहिल्या, आणि पुढे तिसऱ्या अल्बमपासून तारा सैल करून स्वर खाली नेला. दोन-दोन स्वरांचे ते जाड, घरंगळत येणारे ठोके, ज्याला आज जग हेवी मेटल म्हणतं, त्यात या टोपणांचा मोठा वाटा आहे.

आता सैतानाचं. बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्याच्या कव्हरच्या आत कंपनीनं बँडला न विचारता उलटा क्रूस छापला, आणि उलटा क्रूस म्हणजे लोकांना सैतानाची खूण वाटते. तिथून हे बालंट चिकटलं ते कायमचं. गळ्यात जे क्रूस घालून ही पोरं फिरायची, ते सरळ होते आणि ऑझीच्या वडिलांनी हातानं बनवून दिले होते. शब्द बहुतेक बटलरचे, आणि तो कॅथलिक घरातला.

'पॅरानॉइड' हा दुसरा अल्बम १८ सप्टेंबर १९७० ला इंग्लंडमध्ये आला. पहिलंच गाणं 'वॉर पिग्ज'. सुरुवातीला हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. त्यात काळी जादू करणाऱ्या चेटकिणी येतात खऱ्या, पण कोणाची उपमा म्हणून? युद्ध पेटवून स्वतः मागे बसणाऱ्या सेनापतींची. लढायला गरिबांची पोरं पाठवतात, असं ते सरळ म्हणतं. शेवटी देवाच्या दारात हेच लोक गुडघ्यावर येतात. याला सैतानाची आरती कसं म्हणावं? 'इलेक्ट्रिक फ्युनरल' अणुयुद्धावर आहे. 'हँड ऑफ डूम' व्हिएतनामहून परतलेल्या आणि हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांवर. असे सैनिक या पोरांनी त्यांच्या तळांवर कार्यक्रम करताना प्रत्यक्ष पाहिले होते.

समीक्षकांनी खरंच झोडपलं. पहिल्या अल्बमलाच 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकात समीक्षक लेस्टर बँग्जनं क्रीम या बँडची वाईट नक्कल ठरवलं होतं. दुसऱ्यालाही त्या वर्तुळात कौतुक मिळालं नाही. ऐकणाऱ्यांनी मात्र तो इंग्लंडच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेला. अमेरिकेत जानेवारी १९७१ ला आला आणि बाराव्या क्रमांकापर्यंत चढला, पुढे तिथं चाळीस लाखांवर प्रती गेल्या. बँग्जनं १९७२ मध्ये दुसऱ्या मासिकात या बँडच्या बाजूनं मोठा लेख लिहिला. आणि २०१७ मध्ये त्याच 'रोलिंग स्टोन'नं शंभर उत्तम मेटल अल्बमांची यादी केली, तेव्हा सर्वांत वर हाच ठेवला.

हे असं का झालं? समीक्षक कान लावून होते ते वाद्यांच्या सफाईला, आणि इथं गाणी संथ, जाड, त्याच त्या ठोक्यांची. ज्या पोरांनी ती विकत घेतली ती पाळी संपवून घरी आलेली होती. त्यांना तो ठोका ओळखीचा होता. ताई, तुमचा मुलगा मागाच्या तालातच वाढला आहे. त्याला यात काय सापडलं ते मला तरी कळतं.

तुमच्या काळजीबद्दल एवढंच सांगतो. 'पॅरानॉइड' या गाण्यात तो शब्द एकदाही येत नाही. माणसाला कशातच गोडी वाटत नाही, डोकं शांत होत नाही, जवळच्यांना काय होतंय ते कळत नाही, असं ते गाणं आहे. बटलरनं नंतर सांगितलं की ते नैराश्यावर होतं, ते त्याचं स्वतःचं होतं, आणि तेव्हा त्याला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. १९७० साली हे कामगारवस्तीत कोण बोलत होतं! म्हणून मुलाला 'बंद कर ते' म्हणू नका. त्याला हेच गाणं आवडतं का, का आवडतं, एवढं विचारा. तो जेवतोय, झोपतोय, मित्रांत जातोय, तर बिनघोर राहा. तो गप्प होत चालला असेल, तर डॉक्टरांकडे न्या, पण गाणी काढून घेऊ नका.


प्रश्न : मी ड्रम शिकतो. या अल्बममध्ये काय कान देऊन ऐकू?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : 'वॉर पिग्ज'मध्ये भोंगा ओसरल्यावर गिटार ठोका देऊन थांबते. मग ऑझी गातो तेव्हा खाली फक्त हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या जोड-झांजेची, टिकटिक असते. बिल वॉर्ड ती मोकळी जागा भरत नाही, ते शिका. 'रॅट सॅलड'मध्ये त्याला मोकळं रान मिळालंय, ते नंतर ऐका. आणि 'प्लॅनेट कॅरव्हॅन' रात्री दिवा घालवून. त्यात ऑझीचा आवाज लेस्ली स्पीकरमधून नेला आहे. हा स्पीकर मुळात ऑर्गनसाठी बनलेला, आत भोंगा फिरत असतो, म्हणून आवाज पाण्याखालून आल्यासारखा डुलतो. १९८८ साली मी हा अल्बम नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतला. बेचाळीस मिनिटांचा, एका बाजूला नेमका बसला. दुसऱ्या बाजूला वडिलांसाठी अभंग भरले होते. वडील आवाज वाढवायला सांगायचे असं नाही, पण 'प्लॅनेट कॅरव्हॅन' या तिसऱ्या गाण्याला ते कधी उठून गेले नाहीत.


प्रश्न : अल्बमचं नाव 'पॅरानॉइड', मग कव्हरवर तलवार-ढाल घेतलेला माणूस कशाला?
– एक वाचक, पणजी

उत्तर : अल्बमचं नाव 'वॉर पिग्ज' ठरलं होतं, चित्र त्यासाठी काढलेलं. अल्बम लांबीला थोडा कमी पडत होता, म्हणून शेवटी एक छोटं गाणं हवं होतं. बाकीचे बाहेर गेले असताना आयोमीनं रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, बसवली, बटलरनं घाईघाईनं शब्द लिहिले, ऑझीनं कागद समोर धरून गायलं. पावणेतीन मिनिटांचं ते गाणं वेगळ्या तबकडीवर सुटं (सिंगल) निघालं आणि इंग्लंडात चौथ्या क्रमांकावर गेलं. कंपनीनं अल्बमलाही तेच नाव दिलं. चित्र बदलायला वेळ राहिला नव्हता.