क्रीडा-प्रश्नोत्तरे : नव्या हंगामात आमचा ॲथलेटिक्स संघ कुठवर जाईल?

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाचा मुलांचा संघ आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेत दुसरा आला होता. रिले संघातील दोघे आणि लांब उडीतील भरवशाचा खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले. यंदा मात्र १८ वर्षांखालील गटात १५ मीटर गोळा टाकलेला एक मुलगा आणि १०० मीटर ११.१ सेकंदांत धावणारा दुसरा मुलगा प्रथम वर्षात दाखल झाले आहेत. सांघिक विजेतेपद आमचेच, असे सगळे म्हणतात. आपले मत काय?
— विद्यार्थी क्रीडा प्रतिनिधी, कोथरूड

उत्तर : आपल्या संघाला विजेतेपदाची संधी आहे, असे मलाही वाटते, परंतु ज्या दोन आकड्यांवर ही आशा उभी आहे, ते आधी पारखून घ्यावेत. १८ वर्षांखालील मुलांचा गोळा ५ किलोचा असतो, २० वर्षांखालील गटात तो ६ किलोचा होतो आणि महाविद्यालयीन स्पर्धेत त्याच मुलाच्या हाती ७.२६ किलोचा गोळा येतो. त्यामुळे पहिल्या वर्षी त्याची फेक तीन मीटरने कमी भरली, तरी तो मागे पडला असे कोणी समजू नये. खांद्याला, मनगटाला आणि कमरेला त्या वजनाची सवय होण्यात एक हंगाम सहज जातो. अशा मुलाकडून पहिल्याच स्पर्धेत सुवर्णपदकाची अपेक्षा धरायची आणि ते हुकले की त्याच्याकडे पाठ फिरवायची, असे घडताना मी अनेकदा पाहिले आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

११.१ ही वेळ स्टॉपवॉचवर घेतलेली दिसते, कारण इलेक्ट्रॉनिक वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवतात. १०० मीटरच्या हाती घेतलेल्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडण्याचा प्रघात आहे. म्हणजे हा मुलगा ११.३४ च्या आसपासचा धावपटू आहे. वेळ चांगली आहे, पण त्याला आताच विजेता धरू नये.

माझी खरी भिस्त आपल्या ४ × १०० मीटर रिलेवर आहे. दोन जुने धावपटू अजून संघात आहेत, तिसरा हा नवा मुलगा आणि चौथा निवडायला पावसाळ्याचे महिने हाताशी आहेत. बॅटन बदलण्याचा पट्टा आता ३० मीटरचा आहे आणि त्यात बॅटन कुठे आहे हे पाहतात, धावपटूचे पाय कुठे आहेत हे नव्हे. पहिला वगळता बाकीचे तिघे वेगात असतानाच बॅटन घेतात, म्हणून चांगल्या सरावाच्या संघाची वेळ चौघांच्या स्वतंत्र वेळांच्या बेरजेहून दोनेक सेकंदांनी कमी येते. एवढा फायदा कोणत्याही एकट्या धावपटूला एका हंगामात मिळवता येत नाही. मातीचे मैदान चिखलाने भरले असताना सणस मैदानावर किंवा बालेवाडीला सिंथेटिक ट्रॅक मिळेल त्या सकाळी चौघांनी एकत्र, स्पर्धेच्याच वेगाने बॅटन बदलावे. लांब उडीची जागा मात्र यंदा भरून निघणे कठीण आहे. तिथले गुण गेले असे धरूनच हिशेब मांडावा.

प्रश्न : माझी मुलगी १५०० आणि ५००० मीटर धावते. महाविद्यालयात स्टीपलचेससाठी कोणीच नाही, म्हणून सर तिला तीही धावायला सांगतात. दुखापतीची भीती वाटते. होकार द्यावा का?
— एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, आपली भीती रास्त आहे. ३००० मीटरच्या या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात, आणि मुलींसाठी ७६.२ सेंटिमीटर उंचीचे ते अडथळे पाय लागला तरी पडत नाहीत. पण शर्यत मोठ्या योग्यतेची आहे. माण तालुक्यातील ललिता बाबर मॅरेथॉनकडून तिच्याकडे वळल्या, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून त्या दहाव्या आल्या. सरांना दोन गोष्टी विचाराव्यात : पहिले काही आठवडे हिरवळीवर, पडणाऱ्या हलक्या अडथळ्यांवर आलटून पालटून दोन्ही पाय पुढे टाकून उडीचा सराव होईल का, आणि एकाच स्पर्धेत तिला तीनही शर्यती धावाव्या लागणार नाहीत ना. पहिल्याचे उत्तर होय आणि दुसरीची हमी मिळाली, तर होकार द्यावा. ५००० मीटर या हंगामापुरती सोडलेली बरी.