वाचकांचे प्रश्न : गाडी, कॅमेरा आणि सातारा-सांगलीची वाट

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत : सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गाडीने फिरून निसर्गाचे आणि वन्यजीवांचे फोटो काढायचे, तर आखणी कशी करावी? त्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत. लांबलेले प्रश्न थोडे आखडले आहेत.

प्रश्न : दिवाळीनंतर पाच दिवस सुट्टी आहे. पुण्याहून निघून कास, ठोसेघर, चांदोली, सागरेश्वर आणि मायणी करायचं आहे. फुलं, धबधबा, काळवीट आणि फ्लेमिंगो, चारही हवेत. क्रम कसा लावू? (वाचक, पुणे)

क्रम लावण्याआधी महिना बदला. तुम्ही निवडलेल्या दिवसांत या चारपैकी तीन गोष्टी हाती लागणं कठीण आहे. कासचा बहर पावसाच्या लहरीनुसार ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो आणि बहुतेक वर्षी सप्टेंबरच्या उत्तरार्धात भरात येतो. दिवाळीनंतर सड्यावर, म्हणजे पठारावर, वाळकं गवत उरतं. ठोसेघरची धार तोवर बारीक झालेली असते. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, हिवाळा चढल्यावर येतात. म्हणून या एका सहलीच्या दोन सहली करा. नुसतं किलोमीटर कापण्यापेक्षा हाती बरंच जास्त लागेल.

पहिली सहल सप्टेंबरमध्ये, मुक्काम फक्त साताऱ्यात, तीन रात्री. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास सुमारे 25 किलोमीटर आहे. हंगामात प्रवेशाचं आरक्षण ऑनलाइन करावं लागतं आणि रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असते. आरक्षण सोमवार ते गुरुवारमधलं आणि सकाळच्या पहिल्या टप्प्याचं घ्या. कारण प्रकाशाइतकंच वाऱ्याचंही आहे. सकाळी वारा कमी असतो. दहानंतर सड्यावर सुटलेला वारा थांबत नाही आणि सीतेच्या आसवांसारखं नखाएवढं फूल चौकटीत स्थिर राहत नाही. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सला अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 8 ते एफ 11 ठेवूनही फोकसची खोली मिलिमीटरमध्येच मोजावी लागते, त्यामुळे फूल जरा डोललं तरी फोकस गेला. शटर 1/250 सेकंदाच्या खाली नेऊ नका, लागला तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) 800 करा. निळसर-जांभळ्या गालिच्याचा विस्तृत फोटो हवा असेल तर पोलरायझर लावा. ओल्या पानांवरची चकाकी तो खातो आणि रंग उघडा पडतो. त्या बदल्यात दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं) प्रकाश जातो, हे धरून चाला.

कासला आखलेली वाट सोडू नका. जांभा खडकावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच असतो आणि तेवढ्यातच बी, कंद, मुळं असं सगळं असतं. तिथे एक माणूस गुडघे टेकून बसला की पुढच्या वर्षीची फुलं त्याच्याखाली चिरडतात. वाटेवर बसून, कॅमेरा जमिनीलगत धरून, फिरत्या स्क्रीनवर बघून काम होतं.

दुसरा दिवस ठोसेघर आणि त्याच्या पुढे चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार. तिसरा दिवस मोकळा ठेवा. सप्टेंबरात एक सकाळ धुकं नाहीतर पाऊस खाणारच. धुकं दाट असेल तर ऑटोफोकस पुढे-मागे धावत बसतो. तेव्हा फोकस हाताने लावा आणि एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा, नाहीतर पांढरं धुकं राखाडी येतं. घाटात धुक्यात हेडलाइट डिपरवरच ठेवा. अपरवर समोर पांढरी भिंत उभी राहते.

दुसरी सहल जानेवारीच्या उत्तरार्धात, मुक्काम विट्यात. तिथून मायणीचा तलाव, सागरेश्वर अभयारण्य आणि भिलवडी-औदुंबरचा कृष्णाकाठ, तिन्ही साधारण तासाभराच्या अंतरात येतात. एक पहाट मायणीला द्या. रोहित पक्ष्याला गुडघाभर पाणी आणि खाली चिखल लागतो, कारण चोच उलटी करून तो चिखलातलंच खाणं गाळतो. पाऊस चांगला होऊन तलाव काठोकाठ असेल तर पक्षी तिथे उतरत नाहीत, मग येरळवाडीच्या तलावाकडे बघा. निघण्याआधी कुणाला तरी फोन करून पाण्याची पातळी विचारा. पक्षी आलेत का, हा प्रश्न नंतरचा.

दुसरी पहाट सागरेश्वरला. 10.87 चौरस किलोमीटरचं, लागवड करून उभं केलेलं हे अभयारण्य कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या हद्दींवर आहे. सांबर, चितळ, काळवीट इथे पाहायला मिळतात. सकाळी पहिल्या दोन तासांत प्राणी उघड्यावर असतात, नंतर झाडोऱ्यात शिरतात. काळवीट दिसलं की त्याच्याकडे सरळ चालत जाऊ नका. तिरपं चाला, मध्ये थांबा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. त्याने मान वर करून कान रोखले की तेवढ्यावर थांबा. तुमची हद्द संपली.

तिसरा दिवस कृष्णेच्या मगरींचा. त्याबद्दल पुढे मिरजेच्या पत्राला उत्तर दिलं आहे.

चांदोली या दोन्हींत बसवू नका. 2010 मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा तो भाग आहे. पावसाळ्यात पर्यटन बंद असतं आणि प्रवेश वन विभागाच्या परवानगीने, ठरलेल्या मार्गावर मिळतो. दाट सदाहरित जंगलात प्राणी सहजी दिसत नाहीत. गवा किंवा शेकरू दिसलं तर दिवस चांगला गेला असं समजा. वाघाच्या फोटोसाठी इकडे येऊ नये. चांदोलीला वसंतसागराचं, म्हणजे धरणाच्या जलाशयाचं, पाणी, धुकं आणि झाडी यांच्यासाठी स्वतंत्र दोन दिवस द्यावेत.

प्रश्न : मायणीला सकाळी साडेदहाला 600 मिलिमीटर लेन्सने पक्ष्यांचे दोनशे फोटो काढले. शटर 1/2000 होतं, ट्रायपॉड होता. एकही फोटो धारदार नाही. लेन्स दुरुस्तीला देऊ का? (वाचक, वडूज)

आधी थांबा, लेन्स ठीक असण्याची शक्यता जास्त आहे. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा तापून वर जाते आणि वरची गार हवा खाली येते. दोन्हींची घनता वेगळी, त्यामुळे प्रकाशाचे किरण वाटेत सारखे वाकत राहतात. डोळ्यांना हे जेमतेम जाणवतं, पण 600 मिलिमीटर लेन्स पक्ष्याबरोबर मधली दीड-दोनशे मीटर हवाही मोठी करून दाखवते. शटर वाढवून त्यावर इलाज होत नाही, कारण वाकडं झालेलं चित्रच सेन्सरवर पोचतं.

ओळखायची खूण सोपी आहे. एकाच पक्ष्याचे सलग वीस फोटो काढा आणि मोठे करून बघा. प्रत्येक फोटोत वेगळाच भाग मऊ असेल, एकात मान बरी आणि पाय पाझरलेले, पुढच्यात उलट, तर तो हवेचा दोष. सगळे सारखेच मऊ आणि पक्ष्याच्या पुढचा किंवा मागचा चिखल मात्र धारदार, तर फोकस चुकला. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं असेल तर कॅमेरा हलला. हवेचा दोष नाही असं दिसलं तरच लेन्सचा विचार करा.

उपाय दोनच : लवकर आणि जवळ. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेआठपर्यंत काम उरका. अंतर निम्मं झालं की दोष निम्म्याहून कमी होतो, पण जवळ जायचं म्हणजे पक्ष्यांकडे चालत जायचं नाही. उजाडण्याआधी काठावर बसा आणि पक्षी चरत चरत तुमच्याकडे येऊ द्या. गाडीतून फोटो काढत असाल तर आणखी एक गोष्ट. एसीची गार हवा खिडकीतून बाहेर पडते तिथेही असंच चित्र पाझरतं. तापलेल्या बॉनेटवरून फोटो घेतला तरी तेच.

प्रश्न : ठोसेघरचा धबधबा नुसता पांढरा पट्टा येतो. रेशमासारखं पाणी कसं मिळवायचं? (वाचक, सांगली)

दोन वेगळे दोष आहेत. पट्टा पांढरा येतो तो उन्हामुळे आणि जास्त एक्सपोजरमुळे. ढगाळ वेळ निवडा, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटू देऊ नका आणि एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवा.

रेशीम हवं तर शटर लांबवायचं. ढगाळ हवेत आयएसओ 100, एफ 11 ला 1/30 मिळत असेल, तर तीन स्टॉपच्या एनडी फिल्टरने (प्रकाश अडवणाऱ्या गडद काचेने) ते 1/4 सेकंद होतं आणि सहा स्टॉपच्या फिल्टरने दोन सेकंद. ठोसेघरसारख्या उंच धारेला आम्ही तीन स्टॉपचा फिल्टर सुचवू. 1/4 ते 1/2 सेकंदात पाण्याच्या लडी सुट्या दिसतात, दोन सेकंदांत त्यांचं दही होतं. ट्रायपॉड माणसं टेकतात त्या कठड्याला लावू नका, प्रत्येक पावलाची थरथर फोटोत उतरते. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. तुषारांसाठी दोन कोरडी सुती फडकी वेगळ्या पिशवीत हवीत. एकच फडकं दोनदा वापरलं की ते पाणी पुसत नाही, पसरवतं.

प्रश्न : कासला गाडीतून उतरलो की लेन्सवर वाफ धरते, पुसली तरी पुन्हा येते. (वाचक, कराड)

पुसू नका. एसीत गार झालेल्या काचेवर बाहेरची दमट हवा लागून दव धरतं आणि काच गार आहे तोवर ते परत परत धरणार. घाट चढायला लागताना एसी बंद करा आणि काचा खाली घ्या. वर पोचेपर्यंत अर्धा तास मिळतो, तेवढा पुरतो. बॅग मात्र बंदच ठेवायची, म्हणजे आतली काच हळूहळू बाहेरच्या तापमानाला येते. वाफ धरलीच तर लेन्स कॅमेऱ्यावरून काढू नका, नाहीतर सेन्सरवरही दव जातं.

घरी आल्यावर ओलसर बॅगेत सामान तसंच ठेवलं तर बुरशी येते, आणि ती काचेचा लेप खाते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आत आर्द्रतामापक ठेवला तर काटा 40 ते 50 टक्क्यांत हवा. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून वाळवावे लागतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको. तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो, पोटात जायला नको.

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा, 18-55 आणि 55-250 मिलिमीटरच्या लेन्स एवढंच आहे. ड्रोन मित्राचा मिळेल. कृष्णेतल्या मगरी काढता येतील का? (विद्यार्थी, मिरज)

येतील, आणि हौस असली तरी ड्रोनशिवायच काढा. नदीकाठी पक्षी उडतात आणि ऊन खात असलेली मगर आवाजाने पाण्यात जाते. अभयारण्यात तर परवानगीविना ड्रोन उडवताच येत नाही.

250 मिलिमीटर तुमच्या कॅमेऱ्यावर साधारण 375 ते 400 सारखं दिसतं. मगरीचे नुसते दात टिपायच्या मागे लागू नका. वाळूचा पट्टा, मळी (नदीकाठची गाळाची जमीन) आणि मागचा ऊस यांच्यासह मगर दाखवा. ती कुठे राहते हे त्या फोटोत कळतं आणि तुमच्या लेन्सलाही ते जमतं. थंडीत मगर ऊन अंगावर पडल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास काठावर येते. जानेवारीत सूर्य त्या वेळीही फार वर नसतो, त्यामुळे प्रकाश चालतो. भिलवडी आणि औदुंबर समोरासमोरच्या काठांवर आहेत, सकाळी सूर्य पाठीशी येईल तो काठ घ्या.

पाण्याच्या कडेला उतरू नका. उंच दरडीवर बसा, मध्ये किमान पन्नास मीटर अंतर ठेवा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी वाळूत अंडी घालते, तेव्हा मळीच्या वाळूत अजिबात फिरायचं नाही. मगरींची नेमकी जागा मासेमारांना आणि मोटर चालू करायला येणाऱ्या शेतकऱ्यांना माहीत असते. त्यांना विचारा आणि त्यांनी नको म्हटलं तिथे जाऊ नका.

ट्रायपॉडऐवजी बीनबॅग शिवा. जुन्या जीनचा एक पाय फूटभर कापा, एक तोंड शिवा, आत जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात दीड-दोन किलो ज्वारी. पिशवी दोन तृतीयांशच भरा, गच्च भरली तर लेन्स तिच्यात बसत नाही. प्लॅस्टिक वगळू नका, भिजलेली ज्वारी दोन दिवसांत आंबते. गाडीच्या खिडकीत ठेवून फोटो काढताना इंजिन बंद हवं. आणि परतीचा प्रवास उजेडात करा : गाळपाच्या हंगामात या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात आणि अनेकांना मागे दिवाच नसतो.

प्रश्न : ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात. आमच्या शेतात सापडली तर फोटो काढायला किती वेळ मिळेल? (शेतकरी वाचक, कराड तालुका)

फोटोसाठी वेळ काढूच नका. मादी बहुधा त्याच फडात किंवा शेजारच्या फडात असते. पिल्लांभोवती माणसं जमली तर ती परत यायला घाबरते किंवा चिडून अंगावर येते. सगळ्यांना मागे घ्या, पिल्लांना हात लावू नका, उचलून घरी किंवा बांधावर आणू नका आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. पिल्लं उचलली गेली असतील तर ती नेमकी कुठे सापडली ती जागा खूण करून ठेवा. मादी रात्री तिथेच शोधायला येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. वन कर्मचारी पिल्लं त्याच ठिकाणी ठेवून लांबून, स्वयंचलित कॅमेऱ्याने लक्ष ठेवतात. फोटो निघाला तर तो त्या कॅमेऱ्यातला असू दे.

मोबाइलवर कुणी आधीच फोटो काढला असेल तर गावाचं आणि शेताचं नाव घालून तो पुढे पाठवू नका, तासाभरात बघ्यांच्या मोटरसायकली बांधावर लागतात. आणि टोळीच्या मुकादमाला सांगून फडाच्या त्या कोपऱ्यातली तोड वन विभाग सांगेपर्यंत थांबवा, बाकीचा ऊस दुसऱ्या बाजूने तोडता येतो.