मित्रासोबत साताऱ्याजवळच्या ठोसेघरला धबधब्याचे फोटो काढायला जायचंय. साधा डीएसएलआर आणि किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येते ती, १८-५५ मिमी) पाणी दुधाळ दिसेल का? कधी जावं?

दिसेल की, शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की झालं. पण आधी महिना ठरवा. शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते पाणी किती आहे त्यावर ठरतं.

जुलैत ठोसेघर ऐन भरात असतो. तेव्हा एक सेकंदाचं शटर ठेवलं तर फोटोत पाणी उरत नाही, चुना फासल्यासारखा नुसता पांढरा पट्टा येतो. त्या दिवसांत मी उलट १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद शटर ठेवतो, म्हणजे पाण्याचे तुटलेले लोळ आणि उडणारे तुषार धरता येतात. धुक्याचा वैताग वेगळाच. गाडी लावून धबधबा बघायच्या गॅलरीपर्यंत जावं, तर समोर दरीही दिसत नाही आणि धबधबाही, फक्त आवाज! अशा वेळी थांबायची तयारी हवी. वाऱ्याने पडदा सरकतो, पण तेवढ्यात फोटो उरकावे लागतात.

तुम्हाला हवा तसा फोटो ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात मिळेल. पाणी ओसरतं, काळ्या कातळावर धारा सुट्या होतात आणि मग १/४ ते १ सेकंदात त्या रेशमासारख्या उतरतात. आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची क्षमता) १००, एफ/११ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तेवढं ते लहान) आणि दाट ढगाळ आभाळ, एवढ्यावर कधीकधी भागतं. उजेड जास्त वाटला तर एफ/२२ पर्यंत जाऊ नका, फोटोची धार जाते. त्यापेक्षा एनडी ८ फिल्टर (लेन्सपुढे लावायची काळपट काच) घ्या, त्याने प्रकाश आठपट कमी होतो. एकच फिल्टर परवडणार असेल तर मात्र मी सीपीएल, म्हणजे पोलरायझर फिल्टर, घ्या म्हणेन. ओल्या कातळाची आणि पानांची चकाकी तो मारतो, हिरवा रंग खुलतो, आणि थोडा प्रकाशही अडवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, किंचित कमी ठेवा. पांढऱ्या पाण्यातला तपशील एकदा करपला की नंतर एडिटिंगमध्ये परत येत नाही.

ट्रायपॉड लागेलच. तो रेलिंगला टेकवू नका, कुणी ओणवं झालं की हादरा बसतो. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, टायमर दोन सेकंदांवर. गॅलरी दरीच्या अलीकडे असल्याने किट लेन्स ५५ मिमीला, म्हणजे पूर्ण झूमवर, नेली तरच धबधबा फ्रेममध्ये भरतो. कुणाची ५५-२५० मिमीची झूम लेन्स उसनी मिळाली तर एकेक टप्पा वेगळा टिपता येईल.

आता मित्र. माझं मत विचाराल तर तो फोटोग्राफर नसलेलाच बरा. दोघेही कॅमेरावाले असले की एकाच जागेसाठी घासाघीस होते आणि छत्री धरायला कुणी नसतं. माझा मित्र साताऱ्याच्या पेढ्यांसाठी येतो. डाव्या हातात छत्री, उजव्या हातात कणीस, आणि दर दोन मिनिटांनी "झालं का रे? हात भरून आला." पण वारा फिरला की न सांगता छत्रीही फिरवतो, आणि तुषार लेन्सवर बसायच्या आत सुकं फडकं पुढे करतो. फडकी भरपूर न्या, ओल्या फडक्याने काच पुसली की नुसते ओरखाडे उमटल्यासारखे फराटे राहतात.

साताऱ्याहून बोगद्यातून सज्जनगडच्या रस्त्याने जा, शनिवार-रविवार टाळा. वेळ उरला तर तसंच पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे छत्री उघडूच नका, उलटी होते. कठड्यापलीकडे उतरून 'वेगळा अँगल' शोधायच्या भानगडीत पडू नका, शेवाळलेला कातळ पाय ठरू देत नाही.

घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेतच ठेवू नका. बाहेर काढून कोरडा करा आणि सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा, नाहीतर दिवाळीपर्यंत लेन्समध्ये बुरशी धरलेली असेल.